फ्लॅश गॉर्डन : चित्रांवरून नजर हटत नाही, पण गोष्ट नेमकी कशाची आहे?

टाकबोरू

ॲलेक्स रेमंडच्या 'फ्लॅश गॉर्डन' या अमेरिकी वर्तमानपत्री चित्रमालिकेची रविवारची पानं पहिल्यापासून सलग वाचून काढली. म्हणजे जानेवारी १९३४ ते १९४४, रेमंड अमेरिकेच्या मरीन कोअर या सैन्यदलात दाखल होईपर्यंतची. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर पुनर्मुद्रणाचे दोन खंड हाती लागले, बाकीचे एका मित्राने दिले. वाचून झाल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

पहिलं पान ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एक अनोळखी ग्रह पृथ्वीकडे झेपावतोय. वर्तमानपत्रांचे मथळे, आफ्रिकेत ढोल वाजतायत, न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावर गर्दी. वेधशाळेत डॉ. हान्स झारकोव रात्रंदिवस काम करतोय. तिकडे विमानात येलचा पदवीधर आणि नामांकित पोलोपटू फ्लॅश गॉर्डन, आणि डेल आर्डन नावाची एक सहप्रवासी. उल्केचा तुकडा विमानाच्या पंखावर आदळतो. फ्लॅश डेलला घेऊन पॅराशूटने उडी मारतो आणि दोघं नेमके झारकोवच्या दारात उतरतात. झारकोव पिस्तूल रोखून त्यांना अग्निबाणात चढवतो. कशासाठी? तर अग्निबाण त्या ग्रहावर आदळवून त्याचा मार्ग बदलायचा. एवढं सगळं एका पानात! मी ते पान तीनदा वाचलं. जगाचा प्रश्न, तिघांची ओळख, उपाय आणि उड्डाण, कुठेही घाई वाटत नाही. चित्रमालिकेची इतकी घट्ट सुरुवात मी क्वचितच पाहिली आहे.

आणि मग? अग्निबाण मोंगो ग्रहावर कोसळतो, सम्राट मिंग समोर येतो, आणि टकरीचा प्रश्न मागे पडतो तो पडतोच. पृथ्वी वाचली का, याची तगमग या तिघांच्या चेहऱ्यावर दिसत नाही. आठवड्यामागून आठवडे जातात. सरडे, सिंहमानव, शार्कमानव, पंखवाले लोक आणि त्यांचं हवेतलं शहर. मग मिंगने भरवलेली जीवघेणी स्पर्धा. ती जिंकल्यावर फ्लॅशला किरा नावाचं गुहांचं राज्य मिळतं, तर तिथे अझुरा ही जादूगार राणी आधीच बसलेली. त्यानंतर पाण्याखालचं राज्य, अरण्याचं राज्य, बर्फाचं राज्य. मिंग पडतो १९४१ मध्ये.

सात वर्षं! माझी तक्रार लांबीबद्दल नाही. लांब गोष्टी आपल्याला आवडतात, आपण मराठी माणसं त्यावरच वाढलो. तक्रार अशी की मधल्या कुठल्याही पानावर बोट ठेवून 'या क्षणी फ्लॅशला काय हवंय?' असं विचारलं, तर उत्तर बहुतेक वेळा 'या पिंजऱ्यातून सुटायचंय' एवढंच मिळतं. पृथ्वीवर परतायचंय? मिंगला हटवायचंय? मोंगोच्या लोकांना मोकळं करायचंय? या तिन्हींपैकी कुठलीही एक ओढ पकडून ठेवली असती तर हीच राज्यं, हेच राक्षस एका माळेत बसले असते.

तुम्ही वाचलंय का? तुम्हाला काय वाटतं?

चौथी_सीट

टाकबोरू, फार मनापासून लिहिलंय. माझं फ्लॅश गॉर्डनशी नातं इंद्रजाल कॉमिक्सचं. बोरीबंदरच्या टाइम्सच्या इमारतीतून निघणारं इंद्रजाल १९६४ मध्ये सुरू झालं, १९९० मध्ये बंद पडलं. वेताळ आणि मँड्रेक यांच्या जोडीने अधूनमधून फ्लॅश गॉर्डन यायचा. आमच्या चाळीत एक अंक पाच घरांत फिरायचा आणि शेवटी ज्याचा त्याच्याकडे परत येईपर्यंत मुखपृष्ठ गायब.

सांगायचा मुद्दा असा, की आम्हाला हे भरकटणं कधी जाणवलंच नाही, कारण इंद्रजालमध्ये एका अंकात एक गोष्ट पूर्ण व्हायची. वर्तमानपत्रात तुकड्यातुकड्याने आलेली मालिका तिथे कापूनछाटून पुस्तकाच्या पानांत बसवलेली असायची. सुरुवात, मध्य, शेवट, संपलं. पुढच्या वेळी वेताळ. माझ्याकडे उरलेल्या अंकांतली चित्रं रेमंडची नाहीत, नंतरच्या डॅन बॅरीच्या काळातली आहेत. त्यामुळे मोंगोवर सात वर्षं काढली हे मला तुमच्याकडूनच कळतंय.

माझ्या मते संपादकाची कात्री हा या प्रकारात फार मोठा भाग आहे. जिथे ती होती तिथे गोष्ट टिकली.

रंगरेषा

मी जे. जे.ला शिकत असताना आमच्या एका सरांनी रेमंडची पानं भिंतीवर लावली होती, तेव्हापासून मी त्याची भक्त आहे, हे आधीच सांगते.

टाकबोरूदादा, तुम्ही गोष्टीचं मोजमाप केलंत, आता चित्रांचं करू या. १९३४ ची पानं पाहा, लहान लहान चौकटी दाटीने भरलेल्या, रेषा अजून चाचपडतेय. दोन-तीन वर्षांत तोच माणूस कोरड्या ब्रशने अंगावरचे स्नायू, कापडाच्या चुण्या, धुकं असं काही काढायला लागतो की पान हातातून खाली ठेवता येत नाही. १९३९ मधलं बर्फाचं राज्य, फ्रिजिया, काढून बघा. मागे निळसर पांढऱ्या कड्यांची रांग, पुढे काळ्या शाईतल्या चिमुकल्या आकृत्या, आणि दोन्हींच्या मध्ये त्याने जवळपास काहीच काढलेलं नाही. त्या रिकाम्या जागेमुळे थंडी वाजते. हे मी विद्यार्थ्यांना दाखवते तेव्हा वर्गात कोणी बोलत नाही.

पण याच चित्रांनी गोष्टीचं नुकसान केलं, हे मी मान्य करते. १९३८ च्या सुमारास रेमंडने संवादांचे फुगे काढून टाकले आणि मजकूर चौकटीच्या कडेला, निवेदनासारखा लिहायला घेतला. चित्र मोकळं झालं, देखणं झालं. पण पात्रं बोलायची थांबली! फुगा पात्राच्या तोंडाशी असतो, तो त्याचा आवाज असतो. कडेचा मजकूर निवेदकाचा. एकदा निवेदक सगळं सांगायला लागला की 'मला हे हवंय' असं कुणी पात्र म्हणतच नाही. तुम्ही जो प्रश्न विचारताय, फ्लॅशला काय हवंय, त्याचं उत्तर मिळत नाही ते बरंचसं यामुळे.

गिरणगाव

नमस्कार मंडळी. लोअर परळला छापखान्यात आयुष्य गेलं, त्यामुळे माझं लक्ष पानाच्या मांडणीकडे जातं.

रविवारचं रंगीत पान म्हणजे काय हे समजून घेतल्याशिवाय रेमंडला दोष देऊ नये. ही मालिका वर्तमानपत्रांना मालिका पुरवणाऱ्या किंग फीचर्स सिंडिकेटने काढली, कारण समोरच्या स्पर्धकाकडे 'बक रॉजर्स' ही अंतराळातली मालिका होती. ती ७ जानेवारी १९२९ ला सुरू झाली, आणि फ्लॅश गॉर्डन बरोबर पाच वर्षांनी, ७ जानेवारी १९३४ ला. म्हणजे मुळात मागणी आली ती 'आम्हालाही अंतराळातलं काहीतरी हवं' अशी. गोष्ट सांगायची म्हणून कुणी आलं नव्हतं.

दुसरं म्हणजे त्याच पानाच्या वरच्या भागात रेमंडचीच 'जंगल जिम' ही दुसरी मालिका असायची. आणि त्याच जानेवारी १९३४ मध्ये त्याने 'सीक्रेट एजंट एक्स-९' ही तिसरी, रोजची मालिकाही घेतली. एक माणूस, तीन मालिका. लेखनाला डॉन मूर होता, पण त्याचं नाव पानावर नसायचं. ज्याचं नाव छापलं जात नाही त्याने सात वर्षांचा आराखडा कशासाठी करून ठेवायचा? त्याला पुढच्या रविवारचं पान द्यायचं होतं.

वर्तमानपत्रंही ते पान आपापल्या जागेप्रमाणे छापायची. कुणी पूर्ण, कुणी अर्धं, कुणी छोट्या आकारात. कुठला वाचक मागचा रविवार चुकवून आलाय हे कुणालाच माहीत नसायचं. त्यामुळे प्रत्येक पानाला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागायचं. मागचं आठवत बसणाऱ्या गोष्टीला तिथे जागा कमी.

टाकबोरू

गिरणगावकाका, तीन मालिकांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. १९३५ मध्ये रेमंडने एक्स-९ सोडली, आणि रंगरेषाताई म्हणतात ती चित्रांची झेप साधारण त्यानंतरचीच दिसते. हात मोकळा झाल्याचा फायदा चित्रांना मिळाला. कथेला मात्र मिळाला नाही.

तरी एका बाबतीत मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. साप्ताहिक पान म्हणजे भरकटणं आलंच, असं नाही. 'ईगल' या ब्रिटिश साप्ताहिकात १४ एप्रिल १९५० पासून फ्रँक हॅम्पसनचा 'डॅन डेअर' सुरू झाला. दर आठवड्याला दोन रंगीत पानं, अडचणी त्याच. पहिल्या कथेचा प्रश्न काय? पृथ्वीवर अन्नाचा तुटवडा आहे, शुक्रावर अन्न मिळेल का हे बघायचंय, आणि शुक्राजवळ जाणारी यानं फुटतायत. ही कथा दीड वर्ष चालली. मधे शुक्रावरचे ट्रीन लोक आले, त्यांचा म्होरक्या मेकॉन आला, अख्खं युद्ध झालं, पण वाचक कधीही विसरत नाही की घरी लोक उपाशी आहेत. कुठल्याही पानावर बोट ठेवा, उत्तर मिळतं.

हॅम्पसनच्या हाताशी स्टुडिओ होता, मदतनीस होते, यानांची मॉडेल्स करून त्यावरून चित्रं काढली जायची, हे खरं. साधनं जास्त होती. पण प्रश्न धरून ठेवायला स्टुडिओ लागत नाही.

पार्लेकरीण

चर्चा छान चालली आहे, पण राण्यांबद्दल अजून कोणी बोललं नाही!

अझुरा फ्लॅशच्या प्रेमात पडते. समुद्राखालची उंडिना प्रेमात पडते. फ्रिजियाची फ्रिया पडते. पुढे ट्रॉपिकाची देझिरा. दर नव्या राज्यात एक सिंहासन, त्यावर एक सुंदर राणी, डेलच्या डोळ्यांत पाणी, गैरसमज, सुटका. चौथ्या वेळी मला डेलबद्दल मनापासून वाईट वाटलं. पहिल्या पानावर विमानातून उडी मारणारी ही बाई. तिचं घर, काम, माणसं, काहीच आपल्याला कळत नाही. तिला पृथ्वीची आठवण येते का? दहा वर्षांत लेखकाने तिला हे एकदा नीट विचारायला हवं होतं.

याउलट मिंगची मुलगी ऑरा बघा. सुरुवातीला फ्लॅश मला हवा म्हणून डेलच्या जिवावर उठणारी. मग राजपुत्र बॅरिनशी लग्न, मग बापाच्या विरोधात उभी. अख्ख्या मालिकेत जिच्या आयुष्याला दिशा आहे अशी ही एकच. मला तर वाटतं की ही मूळ गोष्ट ऑराची होती. बापाचं राज्य आणि स्वतःचं मन यांत अडकलेली मुलगी. मिंगचा पाडाव तिच्या नजरेतून दाखवला असता तर सात वर्षंही कमी पडली असती.

टाकबोरू, तुमच्या 'काय हवंय' या प्रश्नात मी 'कुणाला' हा शब्द घालेन.

चौथी_सीट

पार्लेकरीण ताई, +१००. ऑराबद्दल हे कधी सुचलं नव्हतं.

खगोलखूळ

मी विज्ञानाच्या अंगाने लिहितो. विज्ञानकथेत विज्ञान हेच गोष्टीला बांधून ठेवणारं सूत्र असू शकतं आणि इथे ते हातचं सोडलंय.

एखादा ग्रह पृथ्वीजवळ येतोय म्हटल्यावर आधी काय होईल? टक्कर फार नंतरची. आधी समुद्र हलतील. आपल्याकडे मुंबईत पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीला साडेचार मीटरच्या वर पाणी चढतं आणि त्याच वेळी जोराचा पाऊस असला तर हिंदमाता, मिलन सबवे या सखल भागांचं काय होतं ते आपण सगळे जाणतो. हे आपल्या लहानशा चंद्रामुळे आणि सूर्यामुळे. चंद्राच्या कित्येक पट वस्तुमानाचा ग्रह जवळ आला तर भरतीचं पाणी कुठवर चढेल याचा विचार करा. ही गोष्ट आकाशाकडे बोट दाखवणाऱ्या गर्दीपेक्षा किती भयंकर आहे! रेमंड-मूर यांच्याकडे इतका सकस प्रश्न होता.

आता झारकोवचा उपाय. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाच्या डार्ट यानाने डायमॉर्फस या लघुग्रहाला मुद्दाम धडक दिली. लघुग्रह जेमतेम १६० मीटरचा. त्याचा जोडीदार असलेल्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरण्याचा काळ सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाला. म्हणजे झारकोवची कल्पना तत्त्वतः वेडगळ नाही, पण ग्रहाच्या वस्तुमानापुढे एक अग्निबाण म्हणजे काहीच नाही. झारकोव शास्त्रज्ञ आहे, त्याला हे कळायला हवं. मग तो मोंगोवर पोचल्यावर अस्वस्थ का नाही? आपला उपाय फसला की ग्रह दुसऱ्या कशाने वळला, हे शोधल्याशिवाय त्याला झोप येता कामा नये. तो शोध झारकोवकडे दिला असता तर प्रत्येक राज्यात जाण्याला कारण मिळालं असतं: इथल्या वेधशाळेत काय नोंदी आहेत, हा ग्रह चालवतंय कोण.

त्याऐवजी झारकोव गरज पडेल तेव्हा यंत्र बनवून देणारा माणूस होतो. मला याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

रंगरेषा

खगोलखूळ, 'हा ग्रह चालवतंय कोण' हे वाचून अंगावर काटा आला. याच प्रश्नाने फ्रिजियाची पानं परत बघते आज.

भरतीओहोटी

इथे पहिल्यांदाच लिहितेय. बरेच दिवस नुसती वाचत होते, पण या धाग्यावर राहवलं नाही.

मी स्वतः एक विज्ञानकथेची चित्रमालिका काढते, दर रविवारी एक पान, नेटवर. गोष्ट पुढच्या शतकातल्या मुंबईची. शिवडीच्या खाडीत एक दिवस ओहोटी येतच नाही. चिखल उघडा पडत नाही, त्यामुळे फ्लेमिंगो उतरत नाहीत, आणि एक मुलगी पाण्याची उंची मोजत राहते. सुरुवातीला छान प्रतिसाद होता. 'पुभाप्र', म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत, असं लिहिणारे बरेच जण होते. आता पान अठ्ठाविसावं आहे आणि वाचक म्हणतात चित्रं सुंदर, पण काय चाललंय कळत नाही. मधे मी एक तस्करांची टोळी आणली, समुद्राखालचं एक शहर आणलं, एक यंत्रमानव आणला. प्रत्येक वेळी काढताना खूप मजा आली. या मालिकेवर माझा जीव आहे, ती अशी सोडायची नाहीये.

तुम्ही सगळे इतकं बारकाईने वाचता, म्हणून विचारते. आता काय करू? मागे जाऊन पानं काढून टाकू का?

गिरणगाव

मुली, छापलेलं पान मागे घ्यायचं नाही. वाचकाने ते वाचलंय, ते त्याचं झालं. पुढे काय ते ठरव.

पार्लेकरीण

स्वागत! पाण्याची उंची मोजणारी मुलगी हे ऐकूनच वाचावंसं वाटतंय. दुवा द्या. आणि मोजते म्हणजे कुणासाठी मोजते? तिचं कुणी त्या पाण्यात गेलंय का? की तिच्या आधी तिच्या आजीने मोजलंय?

खगोलखूळ

भरतीओहोटी, तुम्हाला उपयोगी पडेल असं एक सांगतो. मुंबईत अपोलो बंदराजवळ समुद्राची पातळी १८७८ पासून मोजली जातेय, जगातल्या जुन्या नोंदींपैकी ती एक आहे. तुमच्या मुलीकडे त्या नोंदवह्यांचा वारसा असू दे. ओहोटी न येण्याचं कारण तिला त्या आकड्यांत शोधू दे. एक नियम ठरवा: ओहोटी का थांबली याचं खरं उत्तर आत्ताच, स्वतःपुरतं, कागदावर लिहून ठेवा. वाचकाला सांगू नका. पण तुम्हाला ते माहीत नसेल तर पुढचं प्रत्येक पान डगमगेल.

टाकबोरू

भरतीओहोटी, दुव्यावर जाऊन तुमची सगळी पानं आत्ताच वाचली. दुसरं पान, जिथे ती शिवडी किल्ल्याच्या तटावरून खाली बघते आणि खांबावरची खूण पाण्याखाली गेलेली दिसते, ते फार ताकदीचं आहे. तिचा चेहरा तुम्ही दाखवला नाहीत, फक्त तटाच्या दगडावर टेकलेले तळवे. माझ्या मते तुमची गोष्ट तिथे आहे.

तस्कर, यंत्रमानव, पाण्याखालचं शहर, तिन्ही ठेवता येतील असं मला वाटत नाही. समुद्राखालचं शहर ठेवा, कारण त्याचा पाण्याच्या पातळीशी संबंध जोडता येतो. तस्करांना पुढच्या दोन पानांत निरोप द्या, पण जाताना त्यांच्याकडून तिला काहीतरी मिळू दे, जुनी नोंदवही, नकाशा, काहीही, म्हणजे ती पानं वाया गेली असं वाचकाला वाटणार नाही. यंत्रमानव सोळाव्या पानापासून नुसता उभा आहे. पातळी मोजायचं काम त्यालाच द्या आणि एके दिवशी त्याचा आकडा आणि तिचा आकडा जुळू नये.

आणि बाविसाव्या पानापासून खांबावरची ती खूण एकदाही दिसलेली नाही. ती दर पानावर कुठेतरी असू द्या. कोपऱ्यात, लहानशी, शब्दाशिवाय. वाचक मागचा रविवार चुकवून आला तरी पाणी किती चढलंय हे त्याला कळेल.

भरतीओहोटी

यंत्रमानवाचा आकडा आणि तिचा आकडा! हे घेतलं. खगोलखूळ, उत्तर लिहून ठेवलं, वहीच्या शेवटच्या पानावर. पार्लेकरीण ताई, आजी आहे. ती आतापर्यंत फक्त माझ्या डोक्यात होती, एकोणतिसाव्या पानावर येईल. रंगरेषा ताई, त्या पानात आजीचं घर शिवडी कोळीवाड्यातलं आहे, रात्रीची वेळ, दिवे गेलेले. रिकामी जागा कशी सोडायची ते तुम्हाला विचारायचंय, कच्चं रेखाटन इथेच टाकू का?

रंगरेषा

टाक, टाक. आणि रंग भरायच्या आधीचं टाक, नुसत्या पेन्सिलीचं.